नागपूरच्या खासगी हॉस्पिटलांच्या संचालकांना खुलं पत्र : पडताळणीच्या मेलला उत्तर द्या

मा. संचालक, विश्वस्त आणि एचआर प्रमुख,
धंतोली, रामदासपेठ, वर्धा रोड आणि नागपुरातली सर्व खासगी हॉस्पिटलं

सप्रेम नमस्कार.

तुमच्या एचआरच्या इनबॉक्समध्ये परदेशी जाऊ पाहणाऱ्या एका नर्सच्या पडताळणीचा मेल पडून आहे, त्याबद्दल हे पत्र आहे. मेल इंग्रजीत आहे, वर एक लांबलचक केस नंबर आणि खाली एक अटॅचमेंट. अटॅचमेंटमध्ये तुमच्याच लेटरहेडवरचं, तुमच्याच शिक्क्याचं अनुभव प्रमाणपत्र आहे. विचारलंय एवढंच, की हे पत्र तुम्हीच दिलं का, आणि ही सिस्टर या तारखेपासून त्या तारखेपर्यंत या पदावर तुमच्याकडे होती का. उत्तर द्यायला पाच मिनिटं पुरतात, तरी ते दिलं जात नाही. काही ठिकाणी मेल कुणी उघडतच नाही. काही ठिकाणी तो उघडतात, वाचतात आणि मुद्दाम तसाच ठेवतात. माझं भांडण या दुसऱ्या प्रकाराशी आहे.

माझी ओळख थोडक्यात सांगते. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, नागपुरातच केला, इथल्या खासगी आयसीयूंत काम केलं, मग सौदीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात बरीच वर्षं काढली आणि त्यानंतर अबुधाबीत एका श्रीमंत घरातल्या पेशंटकडे होते. आता परत नागपुरात आहे. बाहेर जाऊ पाहणाऱ्या मुली कागद घेऊन येतात, ते तपासून देते. पैसे घेत नाही, कुणाची एजंट नाही, कुठल्या एजंटाकडे पाठवतही नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण असं काही लिहिलं की 'मॅडमचं कमिशन किती' हा प्रश्न सगळ्यात आधी येतो.

ज्यांना हा मेल काय असतो हे खरंच माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगते. दुबई, अबुधाबी, सौदी, कतार, कुठेही नर्सचं लायसन्स हवं असेल तर उमेदवाराने हातात आणलेल्या कागदावर तिथे कुणी विश्वास ठेवत नाही. कागद जिथून निघाला तिथेच विचारणा होते. पदवीसाठी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला, जीएनएमसाठी परीक्षा मंडळाला, नोंदणीसाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला आणि अनुभवासाठी तुम्हाला. हे काम बहुतेक वेळा डेटाफ्लो नावाची कंपनी करते, म्हणून आमच्याकडे मुली 'माझा डेटाफ्लो अडकला' असंच म्हणतात. विद्यापीठ उशिरा का होईना उत्तर देतं. कौन्सिलकडून आलं नाही तर मुंबईला खेटे घालून काम होतं. हॉस्पिटलने उत्तर दिलं नाही, तर मात्र पुढे जायला वाट नाही. अहवालात पडताळणी होऊ शकली नाही असा शेरा पडतो, भरलेली फी जाते, तिकडची ऑफर काही दिवस थांबते आणि मग दुसऱ्या कुणाला जाते. घरी वडिलांना वाटतं पोरीचेच कागद खोटे असतील.

तुमच्यापैकीच एका हॉस्पिटलाच्या एचआर साहेबांना मी फोन करून विचारलं होतं. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, कारण हेच उत्तर मला आणखीही ठिकाणी मिळालं आहे. ते म्हणाले, "मॅडम, आम्ही उत्तरं देत बसलो तर अख्खं आयसीयू शारजाच्या फ्लाइटमध्ये बसेल ना." विनोद चांगला होता, मीही हसले. आपल्या विमानतळाच्या फलकावर शारजा आणि दोहा ही दोन नावं आल्यापासून हा विनोद जास्तच खपतो.

तुमची अडचण खोटी नाही, हे मान्य करते. कॉलेजमधून नुकती बाहेर पडलेली मुलगी व्हेंटिलेटरच्या अलार्मने घाबरते. तिला एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंचा रिपोर्ट, वाचता यायला, सेंट्रल लाइन सांभाळता यायला, रात्री तीन वाजता प्रेशर पडलं तर डॉक्टर येईपर्यंत काय तयार ठेवायचं हे कळायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तेवढ्यात ती राजीनामा टेबलावर ठेवते. तुमच्याकडचे पेशंट फक्त नागपूरचे नसतात. छिंदवाडा, बालाघाट, राजनांदगाव, आदिलाबाद, चंद्रपूर, गडचिरोली, सगळीकडून अँब्युलन्स येतात, आणि त्या रात्री रोस्टरमध्ये माणूस नसला की काय होतं हे मी स्वतः भोगलं आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये तर या शहराने नर्सशिवायचे बेडही पाहिले. तेव्हा राग समजतो. पण या उपायाने होतं उलटंच.

कसं ते सांगते. वॉर्डात काही लपत नाही. कुणाचा मेल आला, किती दिवस पडला, एचआरने फोन का उचलला नाही, हे चेंजिंग रूममध्ये त्याच दिवशी कळतं. हनुमाननगर, रामबाग, अजनी या भागांत चार-चार जणी मिळून खोली करून राहतात. नवी मुलगी इंटरव्ह्यूला निघाली की खोलीतल्या बाकीच्या तिला पगाराच्या आधी दुसरंच विचारतात, "तिथं लेटर देते का गं? मेल आला तर उत्तर देते का?" ज्या हॉस्पिटलाचं उत्तर 'नाही' असं माहीत असतं, तिथे हुशार मुलगी जातच नाही. जिला दुसरीकडे कुठे घेतलं नाही, ती जाते. किंवा जी जाते ती सहा महिन्यांत निघते, कारण ज्या वर्षांचा पुरावा पुढे मिळणार नाही ती वर्षं वाढवून तिला काय मिळणार? मग ती हैदराबादला किंवा पुण्याला जाते, तिथे दोन वर्षं पक्की करते आणि तिथून बाहेर पडते. म्हणजे शारजाला जायची ती जातेच. तुमच्याकडे दोन-तीन वर्षं काढून गेली असती, ती आता सहा महिने काढून जाते. जाणारीला अडवल्याने राहणाऱ्या टिकत नाहीत, उलट येणाऱ्याही बिचकतात.

मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवून घेणं ही याचीच थोरली बहीण. जॉइनिंगच्या दिवशी 'व्हेरिफिकेशनसाठी' म्हणून घेतलेली मार्कशीट आणि रजिस्ट्रेशन परत मागायला गेलं की बॉण्ड दाखवतात. बॉण्ड नसेल तर सही केलेला कोरा चेक. हा प्रकार नवा नाही. २०११ साली मुंबईतल्या सिस्टर्स, त्यातही केरळहून आलेल्या, याच दोन गोष्टींवरून रस्त्यावर उतरल्या होत्या आणि ती लाट पुढे दिल्ली आणि केरळपर्यंत गेली. तेव्हाही हॉस्पिटलं म्हणत होती की बॉण्ड काढला तर वॉर्ड रिकामे होतील. त्यांच्या मागण्यांमागे पगाराचंही दुखणं होतं. २०१६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सच्या पगारासाठी केंद्राला समिती नेमायला सांगितली. समितीने २०० पेक्षा जास्त खाटांच्या हॉस्पिटलात राज्य सरकारच्या नर्सइतका पगार, १०० ते २०० मध्ये फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० मध्ये फार तर २५ टक्के कमी आणि त्याखालच्या हॉस्पिटलातही किमान २०,००० रुपये असं सुचवलं. शिफारस होती, कायदा झाला नाही. त्या फायलीचं पुढे काय झालं ते तुमच्या सॅलरी शीटवर दिसतंच, त्यावर मी जास्त लिहीत नाही.

कारण मला पगारापेक्षा वेगळं काही सांगायचं आहे. बाहेरून आणलेला माणूस कसा टिकवायचा हे तुम्हाला येतं. उत्तम येतं. मी पाहिलेलं आहे.

लंडनहून एखादा इंटरव्हेन्शनल कार्डिओलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन परत यायचं म्हणतो, तेव्हा काय होतं? आधी वर्षभर कुणीतरी त्याच्या संपर्कात असतं. तो दिवाळीला आई-वडिलांकडे येतो तेव्हा संचालक स्वतः जेवायला घेऊन जातात. पहिल्या दोन वर्षांसाठी उत्पन्नाची मिनिमम गॅरंटी ठरते. बायको डॉक्टर असेल तर तिच्यासाठी ओपीडीचा स्लॉट, नसेल तर मुलांच्या शाळेसाठी फोन. फ्लॅट शोधून देणं, ओटीचे दिवस, त्याच्या आवडीचा स्क्रब नर्स, हवं ते इन्स्ट्रुमेंट. २००८ पासून अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांतल्या पदव्युत्तर पदव्या इथे मान्य झाल्या, तेव्हापासून कागदांचीही कटकट कमी झाली. मेडिकल कौन्सिलची नोंदणी मागे पडली असेल तर तुमचाच माणूस मुंबईला जाऊन ती नूतनीकरण करून आणतो. आणि त्याची एफआरसीएसची मूळ पदवी तुम्ही कपाटात ठेवून घेता का? तीन वर्षांनी तो हैदराबादला निघाला तर तुम्ही मनातून चिडता, पण शाल-श्रीफळ देता, फोटो काढता आणि पत्र मागितलं की दुसऱ्या दिवशी देता. उद्या पेशंट रेफर करायचा असेल, उद्या तोच परत येईल, हे तुम्हाला कळतं.

आणि तो का जातो हेही तुम्हाला ठाऊक आहे. गॅरंटी संपल्यावर पहिल्या महिन्याचा हिशेब हातात येतो आणि त्यात अशा वजावटी असतात ज्यांबद्दल आधी कुणी बोललं नव्हतं. फोनवर कबूल केलेली दुसरी कॅथलॅब येत नाही. म्हणून आता तुम्ही दोघेही सगळं लिहून घेता. सिस्टरलाही तेच हवं असतं. लिहून दिलेलं आणि लिहिल्याप्रमाणे मिळालेलं.

सौदीचं कौतुक करायला मी बसलेले नाही. तिथे एकाच वॉर्डात, एकाच ड्युटीवर, पासपोर्ट बघून पगार ठरायचा. ब्रिटिश किंवा अमेरिकन पासपोर्टवाल्या सिस्टरला आमच्या कितीतरी पट मिळायचं आणि कठीण पेशंट मात्र आमच्या आणि फिलिपिनो मुलींच्या वाट्याला यायचे. आमच्यातलीच एक केरळची मुलगी आधी इंग्लंडला गेली, तिकडचं नागरिकत्व घेतलं आणि त्याच हॉस्पिटलात नव्या पासपोर्टवर परत आली. तीच मुलगी, तेच हात, पगार वेगळा. हे सगळं मान्य करूनही मी तिथे टिकले, आणि का टिकले ते तुमच्या कामाचं आहे.

पहिल्या आठवड्यांत मला एकटीला पेशंट दिलाच नाही. एक जुनी सिस्टर माझ्याबरोबर असायची आणि तिची सही झाल्याशिवाय मी औषधाच्या पंपाला हात लावायचा नाही, असा नियम होता. नागपुरात पहिल्याच रात्री मला एकटीकडे पाच पेशंट दिले होते. तिथे ड्युटीचं रोस्टर महिनाभर आधी लागायचं. राहायला जागा, ने-आण करायला बस, वर्षातून एकदा घरी यायचं तिकीट, आणि ही सुट्टी कुणाच्या मर्जीवर नव्हती. वर चढायला पायऱ्या होत्या, चार्ज नर्स होण्यासाठी काय काय करावं लागतं ते लिहिलेलं होतं. आणि नोकरी संपताना मिळणारी रक्कम. सौदीच्या कायद्यात पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या महिन्याचा आणि त्यापुढे दरवर्षी पूर्ण महिन्याचा पगार मिळतो. स्वतःहून राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काहीच नाही, पाच वर्षांपर्यंत त्यातला एक तृतीयांश, दहापर्यंत दोन तृतीयांश, दहानंतर पूर्ण. म्हणजे प्रत्येक वर्ष थांबण्याचा हिशेब मला बोटांवर करता यायचा. हेही बांधून ठेवणंच आहे, पण चेक कपाटात ठेवून नव्हे. आपल्याकडेही १९७२ पासून कायद्याने ग्रॅच्युइटी आहे, कायम नोकरीत पाच वर्षांनी दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. पण साडेचार वर्षं होत आली की मुलीला 'ब्रेक' देऊन नव्या तारखेचं नियुक्तिपत्र देणारी हॉस्पिटलं याच शहरात आहेत. मग ती पाचव्या वर्षी तुमच्याकडे कशाला असेल?

आणखी एक. आखाती देशांच्या कफाला पद्धतीला आपण नावं ठेवतो, ठेवायलाच हवीत. मालकाच्या एनओसीशिवाय नोकरी बदलता येत नसे, देश सोडता येत नसे. पण कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठीची एनओसी काढून टाकली. सौदीने मार्च २०२१ पासून खासगी क्षेत्रातल्या कामगारांना करार पाळून नोकरी बदलायची आणि मालकाला न विचारता बाहेर जाऊन यायची मुभा दिली. तिथली हॉस्पिटलं ओस पडली नाहीत. आणि आमच्या धंतोलीत आजही नव्या नोकरीसाठी जुन्या हॉस्पिटलाची एनओसी आणायला सांगतात!

सौदीच्या त्या सुधारणेत घरकामगार मात्र नव्हते. इथून मी घरांकडे वळते. हा विषय तुमचा नाही असं वाटेल, पण आहे.

अबुधाबीत मी एका म्हाताऱ्या बाईंकडे होते. पक्षाघात झालेला, गळ्यात श्वासासाठी ट्रॅकिऑस्टॉमीची नळी, पोटात फीडिंगची नळी. घर मोठं, माणसं सभ्य. पण मला त्या घराने ठेवलं नव्हतं. लायसन्स असलेल्या होम केअर कंपनीने ठेवलं होतं आणि ती कंपनी घराला बिल लावायची. या एका फरकामुळे मी टिकले. बारा तासांनी फिलिपिनो सिस्टर येऊन माझ्याकडून हँडओव्हर घ्यायची. औषधांचा चार्ट कंपनीचा, घरच्यांना त्यात खाडाखोड करता यायची नाही. सूनबाईंनी एकदा पाहुण्यांसाठी चहा-खजूर आत न्यायला सांगितलं, तर मी सुपरवायझरला फोन लावून दिला आणि विषय तिथेच संपला. वर्षातून काही दिवस कंपनी आम्हाला हॉस्पिटलात पाठवायची, कारण घरात राहून हात विसरतात. कोड ब्लू, म्हणजे पेशंटचं हृदय बंद पडल्याची धावपळ, घरात रोज होत नाही, व्हायलाही नको.

त्याच गल्लीत दुसऱ्या घरात केरळची एक सिस्टर होती. तिला घराने थेट ठेवलं होतं. पगार माझ्यापेक्षा जास्त, ईदला सोन्याची बांगडी. पण तिचा व्हिसा घरकामगाराचा. युएईच्या घरकामगार कायद्यात जे व्यवसाय मोजले आहेत त्यात आया, स्वयंपाकी, ड्रायव्हर, माळी, शिकारी ससाणे सांभाळणारा आणि खासगी नर्स हे सगळे एकाच यादीत आहेत. कायदा वाईट नाही. २०२२ च्या कायद्याने दिवसाला बारा तास विश्रांती, त्यातली आठ सलग, आठवड्याची पगारी सुट्टी, वर्षाला ३० दिवस रजा, पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा हक्क, हे सगळं दिलं आहे. पण रात्री दोनला बाबांना धाप लागली तर विश्रांतीचे तास मोजायला कोण बसतं? उन्हाळ्यात कुटुंब लंडनला निघालं की तीही बरोबर. तिथे ती घरगुती नोकरांच्या व्हिसावर उतरायची, बीएस्सी नर्सिंग आणि आयसीयूची कितीतरी वर्षं गाठीला असताना. मग एके दिवशी बाबा गेले. घरच्यांनी रडून निरोप दिला, दोन पगार जास्त दिले. तिने हॉस्पिटलात अर्ज केला, तेव्हा प्रश्न आला की गेल्या तीन वर्षांचा अनुभव कोण पडताळून देणार? घराला लायसन्स नाही, एचआर नाही. मेल जाणार कुणाला, ड्रायव्हरला? आणि लायसन्सच्या नियमात दोन वर्षांपेक्षा जास्त खंड पडला की अडचण येते. पैसे भरपूर मिळाले, पण हॉस्पिटलाची वाट तेवढ्यात बंद झाली.

आता आपल्या सिव्हिल लाइन्समधला किंवा वर्धमाननगरातला बंगला डोळ्यांसमोर आणा. मुलगा अमेरिकेत, आजोबा बिछान्याला खिळलेले. डिस्चार्जच्या दिवशी तुमच्याच फ्लोअरवरून नातेवाइकांच्या हातात एका ब्युरोचं कार्ड ठेवलं जातं. ब्युरो एक मुलगी पाठवतो, गोंदियाची, गडचिरोलीची नाहीतर बालाघाटची. कधी ती एएनएम, म्हणजे नर्सिंगचा छोटा कोर्स केलेली, असते, कधी काहीच नसते, पण पांढरा कोट घातला की घरातले सगळे सिस्टर म्हणतात. चोवीस तासांची ड्युटी, झोप पेशंटच्या खोलीतल्या चटईवर, मधल्या वेळात भाजी निवडून द्यायची. घरचे देतात त्यातला मोठा हिस्सा ब्युरो ठेवतो. मुलगी चार महिन्यांत पळते आणि मग अमेरिकेतून मुलगा व्हॉट्सअ‍ॅप करतो की इंडियात आजकाल चांगली माणसं मिळत नाहीत. मिळतात हो. ती तुमच्या घरून कंटाळून शारजाच्या रांगेत लागली.

हे तुम्हाला लिहिते, कारण त्या घरांचा तुमच्यावर विश्वास आहे. ब्युरोचं कार्ड देण्याऐवजी स्वतःचा होम केअर विभाग काढा. मुलगी तुमची, पगार तुमचा, घराला बिल तुमचं, महिन्यातून चार दिवस तिला वॉर्डात बोलवा म्हणजे हात चालू राहतील. बारा तासांच्या वर ड्युटी नाही आणि कामाच्या यादीत स्वयंपाकघर नाही, हे घरच्यांकडून आधीच लिहून घ्या. लहान मूल घरी असलेल्या कितीतरी जुन्या, हुशार सिस्टर्स नाइट ड्युटी झेपत नाही म्हणून घरी बसल्या आहेत. त्या दिवसाच्या ड्युटीला परत येतील. परदेशातून परतलेल्याही येतील, मी स्वतः पाच-सहा जणींना ओळखते. त्यांना तुम्ही बोलावलं तर त्यांचा अनुभव 'इंडियन नाही' म्हणून फ्रेशरच्या पगारावर सही घेऊ नका म्हणजे झालं. लंडनचा अनुभव डॉक्टरांच्या बाबतीत मोजता, तर रियाधचा सिस्टरच्या बाबतीत का नाही?

एजंटांबद्दल दोनच वाक्यं. कायद्याने नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं, आणि एजंट नोंदलेला आहे की नाही ते सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाइटवर कुणालाही बघता येतं. २०१५ च्या केंद्राच्या आदेशाने आखातासारख्या ठराविक १८ देशांत जाणाऱ्या नर्सना, पासपोर्टवर कसलाही शिक्का असो, सरकारी मंजुरी आणि अधिकृत संस्थेची वाट घालून दिली, त्यात केरळ सरकारच्या नॉर्का आणि ओडेपेक या संस्था पुढे होत्या. तरीही सीताबर्डीच्या एखाद्या माडीवर बसून लाखाच्या गोष्टी करणारे भेटतात, आणि त्यांच्या हाती मुलगी का लागते? कारण तो सांगतो, "लेटरची चिंता करू नको, मी करून देतो." तुम्ही खरं पत्र नाकारता, म्हणून खोट्या पत्राचा बाजार चालतो. पडताळणीत ते खोटं पत्र सापडलं की मुलीचं नाव कायमचं खराब होतं. हे पाप निम्मं तुमच्या इनबॉक्सचं आहे.

आणि दार आता आखातापुरतं राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सेस आहेत. जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत शिकणं सोपं नाही, तरी ड्युटी संपवून रात्री ऑनलाइन क्लास करणाऱ्या मुली माझ्याकडे येतात. त्यांचेही अनुभवाचे कागद लागणार आहेत. तुम्ही शारजाचा मेल अडवलात, उद्या जर्मनीतल्या श्टुटगार्टचा येईल.

तेव्हा मागणं काय? एचआरमध्ये एका माणसाचं नाव ठरवा, ज्याचं काम पडताळणीच्या मेलला सात दिवसांत उत्तर देणं असेल. लेटरहेडवर हॉस्पिटलाचा अधिकृत ईमेल छापा, कुणाच्या तरी जीमेलवर हे चालत नाही, उत्तर देऊनही ते नाकारलं जातं. अनुभवाच्या पत्रात जॉइनिंगची आणि सोडल्याची तारीख, पद, विभाग आणि खाटांची संख्या लिहा. 'शी इज हार्डवर्किंग' नाही लिहिलं तरी चालेल. जुनं रजिस्टर नीट ठेवा, कारण मेल सहा वर्षांपूर्वीच्या मुलीबद्दलही येतो. ज्यांनी नर्सिंग होम बंद केलं किंवा विकलं, त्या डॉक्टरसाहेबांनी निदान रजिस्टर नव्या मालकाकडे सोपवावं. कपाटातल्या मूळ मार्कशीट उद्याच परत करा, झेरॉक्स ठेवा.

नोटीस पिरियड हवा तर घ्या, महिन्याचा काय, दोन महिन्यांचा घ्या, पण तो दोन्ही बाजूंना सारखा लिहा आणि संपला की पत्र हातात द्या. प्रशिक्षणावर खर्च केला असं म्हणत असाल तर तो खर्च कागदावर दाखवा. क्रिटिकल केअरचा खरा कोर्स चालवा, त्याचं प्रमाणपत्र द्या. त्यासाठी मुलगी दोन वर्षं आनंदाने थांबेल, कारण ते प्रमाणपत्र तिला बाहेरही चालेल. तुमच्याकडे तयार झालेली मुलगी दुबईत चांगली निघाली की तिच्या मागे येणाऱ्या दहा जणी तुमच्याकडे शिकायला येतात. केरळमध्ये हेच झालं, तिथल्या कॉलेजांना आणि हॉस्पिटलांना मुली शोधाव्या लागल्या नाहीत.

सध्या माझ्या टेबलावर दोन फायली आहेत. एक मुलगी यवतमाळची, एक भंडाऱ्याची. दोघींच्या केसला मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे आणि दोघींचे मेल तुमच्यापैकी दोघांकडे पोचल्याची नोंद आहे. नावं तुम्हाला माहीत आहेत. स्पॅम फोल्डरही एकदा बघून घ्या, बरेचदा तिथे जातो.

कळावे,
आपली,
एक निवृत्त आयसीयू सिस्टर, नागपूर